आजीच्या ट्रंकेत ड्रॅगनवालं नाणं सापडलं, हे 'पेई यांग' चीनमधे नेमकं कुठे आहे?

महालचा_पोट्टा
नमस्कार मंडळी. घरी दिवाळीची सफाई चालू आहे, काल माळ्यावरून आजीची लोखंडी ट्रंक खाली काढली. आत नऊवारी लुगडी, पितळेचा पानाचा डबा, चार राणीछाप रुपये अन् त्यांच्यात एक जाडजूड चांदीचं नाणं. एवढं मोठं की राणीछाप बाजूला ठेवला तर त्याचं लेकरू वाटते. एका बाजूला ड्रॅगन आहे, भोवती इंग्रजीत गोल लिहिलं आहे, वर '३४ वं वर्ष, कुआंग शू' आणि खाली 'पेई यांग'. मागे सगळं चिनी, त्यातलं मला काय ढेकळं कळणार.

तर दोन दिवसांपासून हे पेई यांग शोधून राहिलो. मॅपवर चीनचे सगळे प्रांत पाहिले, असं नावच नाही. शेजारचे काका छातीठोकपणे सांगून राहिले की ते राजाचं नाव आहे. एका जागी वाचलं की हे नाणं 'चिहली' प्रांताचं आहे, तर आई म्हणे चिखली तर बुलडाण्यात आहे. हसू नका. आता चिहली पण मॅपवर नाही! म्हणजे अख्खा प्रांतच गायब झाला का भाऊ?

इतवारीत एका सराफाला दाखवलं, त्याने काट्यावर टाकलं, २६.८ ग्रॅम भरलं, अन् मोडीत घेतो म्हणे. विकायचं नाहीच आहे. आजीचे वडील कामठीच्या छावणीत नोकरीला होते, याच्यापुढे आईला काही माहीत नाही. आणि हो, नाणं काळं पडलं आहे, पितांबरीने घासू का?

नाणेवेडा
सगळ्यात आधी ती पितांबरी खाली ठेव. चिंच नको, लिंबू नको, राख नको, टूथपेस्ट तर अजिबात नको. मी कॉलेजात असताना एक जुना रुपया घासून घासून आरशासारखा केला होता आणि मोठ्या तोऱ्यात एका संग्राहकाला दाखवला, त्याने हातात घेतला, एक उसासा सोडला आणि चहा मागवला. बस. घासलेल्या नाण्याची किंमत ती.

काकांचं निम्मं चुकलं. राजाचं नाव नाण्यावर आहे पण ते कुआंग शू, आता ग्वांगशू लिहितात. त्याची वर्षं १८७५ पासून मोजतात म्हणून ३४ वं वर्ष म्हणजे १९०८. आणि तेच त्याचं शेवटचं. १४ नोव्हेंबर १९०८ ला तो गेला, दुसऱ्याच दिवशी त्याची मावशी त्सीशी गेली, जी इतकी वर्षं त्याच्या नावावर कारभार हाकत होती.

मागच्या बाजूला मधे जी चार मोठी अक्षरं आहेत ती 'ग्वांगशू युआनबाओ', म्हणजे या राजाच्या काळातलं चलन. वरच्या कडेला 'बेईयांगमधे बनवलं'. खालच्या कडेला वजन, ७ मेस २ कँडरीन. त्यांचा तोळा म्हणजे ताएल, ताएलचा दहावा भाग मेस, मेसचा दहावा कँडरीन. सरकारी ताएल साधारण ३७.३ ग्रॅमचा, त्याला ०.७२ ने गुण, २६.८६ येतात. म्हणजे सराफाचा काटा बरोबर आहे, नियत काय आहे ते तू बघ.

पण वजन जुळलं म्हणजे नाणं खरं असं समजू नको. या ड्रॅगन डॉलरच्या नकला पोत्याने मिळतात. घरी करायची एक टेस्ट सांगतो. छोटा डिजिटल काटा घे, ज्याच्यावर ग्रॅमचा दहावा भाग दिसतो. त्यावर पाण्याचा कप ठेवून काटा शून्यावर आण. नाण्याला बारीक दोरा बांध आणि पूर्ण पाण्यात सोड, पण तळाला नाही टेकलं पाहिजे, कपाच्या कडेला पण नाही. काटा २.६ च्या आसपास दाखवेल तर चांदीचा हिशोब जमतो, कारण यात ८९ टक्के चांदी आणि बाकी तांबं असते. ३ च्या वर गेला तर समज कोणीतरी पितळेला मुलामा दिला आहे. लोहचुंबकाला चिकटलं तर पाण्याची पण गरज नाही. आणि ड्रॅगनची खवलं भिंगातून पहा, नकलांमधे ती साबणावर काढल्यासारखी गुळगुळीत असतात.

पेई यांग कुठे ते दप्तरखाना सांगेल, तो या धाग्यावर आल्याशिवाय राहणार नाही.

दप्तरखाना
आलो. बोलावलं नसतं तरी आलो असतो.

पेई यांग, म्हणजे आताच्या उच्चाराने बेईयांग, हे राज्य नाही. शब्दाचा अर्थ 'उत्तरेचा समुद्र'. हे एका खात्याचं नाव होतं. १८६१ साली उत्तरेकडच्या तीन बंदरांमधला परदेशी व्यापार बघायला टियांजिनला एक मंत्री बसवला. १८७० मधे तिथे चर्च आणि फ्रेंच वकिलातीवर हल्ला होऊन मोठा दंगा झाला, त्यानंतर ही खुर्ची वेगळी ठेवलीच नाही, तिथल्या प्रांताच्या गव्हर्नर जनरललाच हे काम जोडून दिलं. दोन टोप्या, एक डोकं. ते डोकं म्हणजे ली होंगचांग, जो १८७० पासून १८९५ पर्यंत, मधला थोडा खंड सोडला तर, त्याच खुर्चीवर होता. आरमार बेईयांग, पुढे फौज बेईयांग, आणि टियांजिनची टांकसाळ पण बेईयांग. तुझं नाणं त्या टांकसाळीतलं.

आणि ज्या प्रांताचा तो गव्हर्नर जनरल होता तो प्रांत म्हणजे तुझ्या आईची चिखली. जुन्या इंग्रजी स्पेलिंगमुळे चिहली वाचलं जाते, खरा उच्चार झिलीच्या जवळ जातो. राजधानी बीजिंगच्या भोवतीचा सगळा मुलूख.

आता खरी मजा नावात आहे. झिली हे जागेचं नावच नाही. नदी नाही, डोंगर नाही, शहर नाही. अर्थ एवढाच की 'थेट ताब्यातला'. आपल्याकडे याला एकदम फिट बसणारा शब्द आहे, खालसा. तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मधे वारले, मुलगा नव्हता, डलहौसीने १८५४ मधे नागपूर खालसा केलं, हे तर महालच्या पोट्ट्याला सांगायला नको. समजा त्यानंतर इंग्रजांनी या मुलखाचं नावच 'खालसा' ठेवलं असतं अन् शंभर-दोनशे वर्षांनी लोक म्हणत असते, आम्ही खालसा जिल्ह्याचे. तसं झालं ते. फरक एवढा की तिथे कोणाचं राज्य जप्त झालं नव्हतं, राजधानीच्या आजूबाजूचा भाग म्हणून थेट होता.

मिंग घराण्याने १३६८ मधे नानजिंगला राजधानी केली. बाकी देशात प्रत्येक प्रांताला आपलं आपलं कार्यालय, पण राजधानीभोवतीच्या जिल्ह्यांना मधलं कार्यालयच ठेवलं नाही, त्यांनी सरळ केंद्राच्या खात्यांना रिपोर्ट करायचं. विचार कर, कलेक्टरच्या वर ना विभागीय आयुक्त ना मंत्रालय, फाईल डायरेक्ट दिल्लीला. म्हणून 'थेट'. मग १४२१ ला राजधानी बीजिंगला गेली तर तिकडचा मुलूख पण थेट झाला, आणि जुना पण थेटच राहिला. एक उत्तर झिली, एक दक्षिण झिली, आणि बाकी १३ प्रांत.

इंग्रजांच्या जुन्या नकाशात बीजिंगजवळच्या समुद्राला पेचिलीचं आखात लिहिलेलं दिसेल, ते पण हेच. बेई झिली, उत्तरेची झिली, बोलता बोलता पेचिली.

हिवाळी_अधिवेशन
राजधानी हलली आणि जुन्या शहराचं काय झालं हे दप्तरखाना भाऊ एका ओळीत उरकून गेले, नागपूरच्या माणसाने तिथेच तर थांबायला पाहिजे ना राजेहो!

नानजिंगहून राजधानी गेली पण दर्जा काढून नाही घेतला, दुसरी राजधानी म्हणून ठेवलं. आणि नुसतं नावाला नाही, सहाची सहा मंत्रालयं तिथे पण. महसूल, धार्मिक विधी, युद्ध, न्याय, बांधकाम, नेमणुका, सगळ्यांचे मंत्री, सचिव, कारकून, शिक्के, पालख्या. बीजिंगला एक महसूलमंत्री, नानजिंगला दुसरा महसूलमंत्री. पगार सेम. फक्त निर्णय बीजिंगला. म्हणजे आपल्याकडे कसं, डिसेंबरात दोन आठवडे रविभवन ते विधानभवन मंत्र्यांच्या गाड्या, मोर्चे, टेकडी रोडवर ट्रॅफिक जाम, आणि मग सगळे विमानात बसून परत. तिथे ते मंत्री बारा महिने राहायचे एवढाच फरक. ज्याला मोठ्या पदावरून बाजूला सारायचं आहे पण अपमान पण करायचा नाही त्याला नानजिंगला पाठवायचे. हाई रुई म्हणून एक कडक ऑफिसर होता, बादशहाला तोंडावर सुनावणारा, त्याला म्हातारपणी परत नोकरीत घेतलं ते नानजिंगलाच, १५८७ मधे तो तिथेच पदावर असताना गेला.

आणि चिडायची गोष्ट ही की पैसा सगळा दक्षिण झिलीचा. सुजौ, सोंगजिआंग हे भाताचे आणि कापडाचे जिल्हे, देशातले सगळ्यात भारी कर तिथून. दरवर्षी मोठ्या कालव्याने धान्य उत्तरेला जायचं, १४७२ पासून कोटा ठरलेला, ४० लाख शी. शी हे त्यांचं माप. कोळसा आमचा, वीज आमची, संत्रा आमचा अन् ऑफिस तिकडे, अजून काय सांगू.

पण एक गोष्ट मान्य करतो, नानजिंगचा युद्धमंत्री शोपीस नव्हता, त्याच्याकडे शहराची खरी फौज होती. आपल्याकडे तेवढं पण नाही 😄

डेक्कन_रिक्षा
नागपूरकर कुठलाही विषय नागपूर करारावर आणून सोडणार याची खात्री होतीच, मी फक्त कितव्या रिप्लायला ते बघत होतो. तिसऱ्या.

हिवाळी_अधिवेशन
@डेक्कन_रिक्षा २८ सप्टेंबर १९५३, तारीख पण लिहून देतो, सोबत ठेव.

महालचा_पोट्टा
वा, तर्री पोह्यासारखा धागा चढून राहिला 🙏 पण माझा मूळ प्रश्न तसाच आहे ना. प्रांत गेला कुठे? दोन झिली होत्या तर दोन्ही मॅपवर नाहीत!

दप्तरखाना
दोन्हींचा किस्सा वेगळा आहे.

दक्षिणवाली आधी गेली. १६४४ मधे मांचू लोक बीजिंगला आले, त्यांचंच घराणं छिंग, पुढच्या वर्षी नानजिंग पडलं, आणि नव्या छिंग सरकारने पहिलं काम काय केलं तर नानजिंगचा राजधानीचा दर्जा काढला. राजधानी नाही तर 'थेट' कशाला? १६४५ मधे नाव बदलून जिआंगनान, म्हणजे नदीच्या दक्षिणेचा, साधा प्रांत. तो फार श्रीमंत आणि फार मोठा, म्हणून १६६७ मधे त्याचे दोन तुकडे. आनछिंग आणि हुईजौ या दोन शहरांची पहिली पहिली अक्षरं जोडून आनहुई, जिआंगनिंग आणि सुजौ यांची जोडून जिआंगसू. सीपी अँड बेरार, म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाड, जसं दोन डबे जोडून केलं तसंच, फक्त त्यांचं तुटताना झालं. हे दोन्ही मॅपवर आजही आहेत, पाहून घे.

उत्तरवाली मात्र छिंगच्या पूर्ण काळात टिकली. आणि आता एकच उरली म्हणून 'उत्तर' गळालं, नुसती झिली. पण इथे गंमत झाली, हळूहळू तिला बाकी प्रांतांसारखंच सगळं मिळालं, राजधानी बाओदिंग, वर गव्हर्नर जनरल, त्याचं भलंमोठं कार्यालय, जे आज पण बाओदिंगला म्युझियम म्हणून उभं आहे. म्हणजे नाव 'थेट', आणि मधे अख्खा गव्हर्नर जनरल बसलेला! नाव राहिलं, अर्थ उडाला. आणि हिवाळी_अधिवेशन भाऊंसाठी खास, ली होंगचांगला नियम असा होता की बंदर चालू असेल तोवर टियांजिनला बसायचं आणि हिवाळ्यात नदी गोठली की बाओदिंगला यायचं.

साइज पण आताच्या मॅपवरून समजणार नाही. चीनच्या भिंतीच्या पलीकडे चेंगदे, जिथे बादशहा उन्हाळ्यात जायचा, ते पण झिलीतच होतं. भिंतीपलीकडचा भाग १९१४ मधे तोडून वेगळा केला.

आणि शेवट. १९२८ मधे राष्ट्रवादी पुढारी चिआंग कै-शेकच्या फौजा बीजिंगला पोचल्या. त्यांची राजधानी कोणती? नानजिंग. मग बीजिंगच्या भोवतीच्या प्रांताला 'थेट' म्हणायचं कसं? तर झिलीचं झालं हेबेई, म्हणजे पीत नदीच्या उत्तरेचा. बीजिंग म्हणजे 'उत्तर राजधानी', तर त्याचं पण नाव काढून बेईपिंग केलं. १६४५ मधे बीजिंगवाल्यांनी नानजिंगला जे केलं ते १९२८ मधे नानजिंगवाल्यांनी बीजिंगला परत केलं. तर भाऊ, प्रांत गायब नाही झाला, मॅपवर हेबेई शोध. मधे दोन भोकं दिसतील, बीजिंग आणि टियांजिन, ती आता वेगळी आहेत आणि दोघांच्या दर्जाचं चिनी नाव 'थेट अखत्यारीतलं शहर' असं आहे. तोच 'झि'.

लकडगंज_सॉमिल
मी इतिहासवाला नाही, लाकूडवाला आहे. पण नाव राहते अन् मुलूख जाते हे आम्ही रोज पाहतो. सीपी जाऊन किती वर्षं झाली? १९५० मधे मध्य प्रदेश झालं, १९५६ ला आपण तिकडून निघालो. अन् माझ्याकडे आजही हैदराबादचा व्यापारी फोनवर काय म्हणते, 'सीपी सागवान किती घनफूट आहे?' त्याला सीपी म्हणजे काय विचारलं तर म्हणते क्वालिटी आहे. मी कधी समजावत नाही, क्वालिटी तर क्वालिटी, दर बरा भेटते.

दप्तरखाना
@लकडगंज_सॉमिल हे लय भारी. झिलीचं पण असंच, प्रांत चालू असतानाच नाव लष्करी टोळीला चिकटलं. १९२० च्या आसपास चीनमधे जे सरदार आपसात लढत होते त्यातल्या एका गटाला झिली गट म्हणायचे. त्याचा म्होरक्या त्साओ कुन, मुक्काम बाओदिंग. १९२३ मधे याला राष्ट्राध्यक्ष व्हायचं होतं तर त्याने खासदार विकत घेतले, एका मताला ५००० युआन असा रेट. लोकांनी त्या खासदारांचं नाव 'डुक्कर खासदार' ठेवलं. आणि तो झाला पण राष्ट्राध्यक्ष, वर्षभर टिकला.

कामठी_कॅन्टोन्मेंट
आजीच्या वडिलांची नोकरी छावणीत होती ना, मग नाणं इथवर येण्याची एक वाट सांगतो. नक्की हेच झालं असं नाही, पण वाट पक्की आहे.

१९०० मधे झिली आणि शेजारच्या शानदोंगमधे बॉक्सरांचा, म्हणजे परदेशी लोकांविरुद्ध पेटलेल्या चिनी टोळ्यांचा, उठाव झाला. बीजिंगमधे परदेशी वकिलाती ५५ दिवस वेढ्यात होत्या. सोडवायला आठ देशांच्या फौजा टियांजिनहून निघाल्या, त्यातली इंग्रजांकडची बहुतेक फौज म्हणजे आपलेच लोक, शीख, राजपूत, पंजाबी. १४ ऑगस्टला शहराच्या भिंतीखालच्या पाण्याच्या नाल्यातून चिखल तुडवत जे पहिले वकिलातीत पोचले ते शीख आणि राजपूत पलटणींचे होते. झिलीचा तेव्हाचा गव्हर्नर जनरल युलू, हरल्यावर त्याने स्वतःला गोळी घालून घेतली.

पण तुमचं नाणं १९०८ चं, म्हणजे या लढाईतलं नाही. त्यानंतर १९०१ चा तह झाला, त्यात परदेशी फौजांना बीजिंग ते समुद्र या रस्त्यावर १२ ठिकाणी तळ ठोकायची परवानगी मिळाली. सगळी ठिकाणं झिलीतली. इंग्रजांच्या त्या तळांवर पुढे पण हिंदुस्थानी पलटणी बदलीवर जात-येत राहिल्या. आता पलटण गेली की तिच्यासोबत स्वयंपाकी, भिश्ती, धोबी, खेचरवाले सगळे जातात, हे कामठीत राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. आणि बाजारात हातात हेच ड्रॅगन डॉलर पडायचे. एखादा कमरपट्ट्यात राहून गेला असेल.

आमच्या घरी पण एक चिनी पितळी कुलूप आहे, माशाच्या आकाराचं, किल्ली आडवी सरकवायची. आजोबा त्याला 'तेनसीनचं कुलूप' म्हणायचे. तेनसीन म्हणजे टियांजिन हे मला इंजिनिअरिंग झाल्यावर कळलं, तोवर मी तेनसीन नावाची कंपनी समजत होतो.

नाणेवेडा
माशाच्या कुलपाचा फोटो टाका ना राव, वेगळा धागा काढा हवं तर.

महालचा_पोट्टा
अपडेट. चुंबकाला नाही चिकटलं. मग घरातल्या केकच्या काट्यावर पाण्याची टेस्ट केली, बहिणीने दोरा धरला, तिचा हात हलून राहिला तर काटा २.४ पासून २.९ पर्यंत नाचला, शेवटी पडद्याच्या रॉडला दोरा बांधला तेव्हा २.६ वर थांबला. भिंग नाही, मोबाईलचा कॅमेरा झूम करून पाहिलं, खवलं एक एक मोजता येतात. पितांबरी आईने परत ओट्याखाली ठेवली.

शेजारच्या काकांना जाऊन सांगितलं की राजा कुआंग शू, पेई यांग हे खातं. ते म्हणे, तेच तर मी म्हणत होतो.

आईने आजीच्या धाकट्या बहिणीला भंडाऱ्याला फोन केला. मावशीआजी म्हणते की हे नाणं दरवर्षी लक्ष्मीपूजनाला पाटावर असायचं, त्यांच्या वडिलांनी आणलेलं, आणि त्याला घरात 'सापाचा रुपया' म्हणायचे. ड्रॅगन कोणाला माहीत होता तेव्हा. म्हणून यंदा परत पाटावर ठेवायचं ठरलं आहे, फक्त सापाची बाजू वर का खाली यावरून आई आणि मावशीआजीचं फोनवर वाजलं आहे, अजून मिटलं नाही.